ऑटोक्रॉसला पहिल्या वळणावर ब्रेक लागत नाही, चौथ्या रनला पेडल खाली जातं: पॅड बदलण्याआधी हे तपासा

हिवाळा लागून मैदानं मोकळी झाली, ऑटोक्रॉससाठी, म्हणजे शंकूंमधून एकेका गाडीने वेळ लावून धावायच्या स्पर्धेसाठी, कोन (प्लॅस्टिकचे शंकू) मांडले जाऊ लागले की ही तक्रार दर वर्षी नव्याने येते. रोजच्या वापराची स्विफ्ट, बलेनो किंवा पोलो घेऊन उतरलेला मुलगा पहिला रन (एक फेरी) संपवून येतो आणि म्हणतो, "ब्रेक लागत नही भो." मग ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे, बदलतात. पुढच्या इव्हेंटला तेच. मग आणखी महागाचे पॅड मागवले जातात आणि पुन्हा तेच, कधी तर आधीपेक्षा वाईट.

जळगाव-धुळ्याकडच्या अशा बऱ्याच गाड्यांची चाकं उतरवून मी आत पाहिलं आहे. "ब्रेक लागत नाही" या एका तक्रारीखाली चार-पाच निरनिराळे बिघाड असतात आणि पॅडची चुकलेली निवड हा त्यातला फक्त एक. शिवाय जिथे निवड खरंच चुकलेली असते, तिथे पॅड कमी ताकदीचा असतो असंही नाही. बहुतेक वेळा तो ऑटोक्रॉसला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णतेसाठी बनवलेला असतो.

पायाला काय जाणवलं ते आधी सांगा

गॅरेजमध्ये गाडी आली की माझा पहिला प्रश्न पेडलबद्दल असतो. पेडल कडक होतं की मऊ?

पेडल कडक आहे, पायाने पूर्ण जोर लावला आहे, तरी गाडी पुढे सरकते आहे, असं असेल तर अडचण पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणात आहे. पॅड एक तर थंड आहे, नाहीतर प्रमाणाबाहेर तापला आहे, नाहीतर त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. पॅडला ग्रीस किंवा तेल लागलेलं असेल तरी हेच होतं. त्याआधी बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग) मात्र तपासून घ्या, कारण बूस्टर कामातून गेला तरी पेडल कडकच लागतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडंसं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी बघा, पॅडला दोष देऊ नका.

पेडल मऊ आहे, खोल जातं, दोन-तीनदा पंप केलं की थोडं वर येतं, तर दोष ब्रेक ऑइलमध्ये आहे. त्यात हवा आहे किंवा ते उकळलं आहे. जगातला सगळ्यात भारी पॅड बसवला तरी हे पेडल सुधारणार नाही. पाय एकसारखा दाबून धरल्यावर पेडल सावकाश खाली खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या भागाच्या) आतलं रबर गेलं आहे. ती गाडी मैदानावर नेऊ नका, रस्त्यावरही नको.

तिसरा प्रकार फार जणांना माहीत नसतो आणि ऑटोक्रॉसमध्येच जास्त दिसतो. कोनांच्या मधून नागमोडी गाडी काढली, डावीकडे-उजवीकडे जोरात झोक बसले, आणि त्यानंतरचा पहिला ब्रेक खोल गेला. दुसऱ्यांदा दाबला तर नीट लागला. इथे तेल उकळलेलं नसतं. व्हील बेअरिंगमध्ये ढिलाई असली किंवा डिस्क डुलत असली की वळणात डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पॅड दाबणारा पिस्टन कॅलिपरमध्ये (डिस्कवर बसलेल्या, पॅड धरणाऱ्या भागात) आत सरकतो. पुढच्या दाबात आधी ती फट भरून निघते, मग ब्रेक लागतो. ओळखायचं असं: गाडी थंड असतानाही हे होतं आणि वळणांनंतरच होतं. गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा, चाक वर-खाली धरून हलवून पाहा. खडखड जाणवली तर बेअरिंग बदला. खान्देशातल्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीत हे नवल नाही.

पेडल थरथरतं, स्टिअरिंग हलतं, म्हणजे डिस्क वाकली, असं सर्रास सांगितलं जातं. खरी वाकलेली डिस्क क्वचित सापडते. बहुतेक वेळा पॅडचा माल डिस्कवर कुठे जाड, कुठे पातळ चिकटलेला असतो. गरम ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली की हा डाग पडतो. दुसरं कारण म्हणजे डिस्क आणि हब यांच्या मध्ये राहिलेला गंज किंवा मातीचा कण, आणि तिसरं, व्हील नट कमी-जास्त आवळलेले.

गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते तेव्हा कॅलिपरच्या पिना बघा. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती रबरी बूट फाटला की आत जाते आणि पावसाळ्यात घट्ट बसते. पिन अडकली की दोन पॅडपैकी एकच घासला जातो. पिन साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा अडकते. साफ करताना पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ती श्वासात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

एका रनमध्ये ब्रेक किती तापतो

हे सगळं नीट असेल तरच पॅडचा विचार करायचा. त्यासाठी एक सोपा हिशेब मांडतो.

ड्रायव्हर धरून गाडीचं वजन १००० किलो समजा. ताशी ६० किलोमीटरवरून ताशी ३० वर आणायला सुमारे १०४ किलोजूल ऊर्जा उष्णतेत जाते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या ब्रेकवर धरला तर एका डिस्कच्या वाट्याला ३६ किलोजूल येतात. डिस्क साडेचार किलोची असेल तर एका ब्रेकिंगला ती १७-१८ अंशांनी तापते. एका मिनिटाच्या रनमध्ये असे आठ ब्रेक मारले आणि मधल्या वेळात डिस्क अजिबात थंड झाली नाही असं धरलं, तरी वाढ होते १४० अंशांची. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा रन संपताना डिस्क जेमतेम १५० अंशांवर असते. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात सुरुवात केली तरी २०० च्या आतच राहते. ब्रेक मारण्याच्या क्षणी पॅडचा वरचा थर याहून गरम होतो हे खरं, पण अंदाज यायला हा आकडा पुरेसा आहे.

आता शर्यतीच्या सर्किटसाठी बनवलेला पॅड घ्या. अशा कित्येक पॅडचं काम २०० अंशांच्या आसपास सुरू होतं आणि त्याच्या कितीतरी वर ते खुलतात. खापर नीट तापल्याशिवाय कुणी त्यावर मांडा टाकत नाही; तसं हा पॅड तापायची वाट पाहतो आणि तो तापेपर्यंत ऑटोक्रॉसचा रन संपलेला असतो. पहिल्या वळणावर पेडल कडक, गाडी सरळ कोनावर, हे त्याचंच लक्षण. आणि हीच गाडी सोमवारी सकाळी जळगावच्या आकाशवाणी चौकातल्या गर्दीत थंड पॅडवर थांबवायची असते. शाळेची रिक्षा अचानक समोर आली तर तिथे ब्रेक तापवायला कुणी वेळ देत नाही. रस्त्यावरच्या गाडीला शुद्ध रेसिंग पॅड लावायला माझा ठाम विरोध आहे, तो यासाठी.

म्हणून ऑटोक्रॉसचा पॅड निवडताना मी पहिली गोष्ट बघतो ती थंड असताना पकड किती. दुसरी, पाय किती दाबला तर किती ब्रेक लागेल याचा अंदाज सरळ येतो का. किती अंशांपर्यंत टिकतो हे तिसऱ्या क्रमांकावर.

टायरची हद्द

पॅडवर पैसे घालण्याआधी ही चाचणी करा. मोकळ्या, सपाट, कोरड्या जागेत, मागे-पुढे कुणी नसताना, गाडी थंड असताना ताशी ४० वरून एकदम जोरात ब्रेक दाबा. पहिल्याच दाबात एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडला, किंवा एबीएस नसलेल्या गाडीची चाकं जाम झाली, तर थंड असतानाही तुमचे पॅड टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर देत आहेत. त्याहून जास्त घर्षणाचा पॅड लावला तरी गाडी कमी अंतरात थांबणार नाही. तिथे पैसा टायरमध्ये घाला.

आपल्याकडे ऑटोक्रॉस बऱ्याचदा मातीच्या किंवा मुरमाच्या मैदानावर होतं. तिथे टायरची पकड डांबरापेक्षा बरीच कमी, त्यामुळे कंपनीचे चांगल्या स्थितीतले पॅड सहज पुरतात. उलट जास्त चावणाऱ्या पॅडने चाक लवकर जाम होतं आणि गाडी वळायची बंद होते. मुरमावर एबीएसमुळे गाडी थांबायचं अंतर वाढतं हे खरं आहे, पण त्यासाठी फ्यूज काढायचा सल्ला मी देणार नाही. संध्याकाळी त्याच गाडीतून हायवेने घरी जायचं असतं आणि काढलेला फ्यूज खिशातच राहतो.

एमआयडीसीतल्या काँक्रीटवर किंवा डांबरी पटांगणात इव्हेंट असेल, टायर चिकट असतील आणि वरच्या चाचणीत चाकं जाम होत नसतील, तर पॅड बदलण्यात अर्थ आहे.

पॅडवरची अक्षरं आणि आतला माल

बऱ्याच पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर आकडे-अक्षरांची एक ओळ छापलेली असते. तिच्यातली दोन अक्षरं घर्षणाची असतात: पहिलं सर्वसाधारण तापमानाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर ठरवताना माल साधारण ९३ ते २०४ अंशांदरम्यान तपासतात. वरचा हिशेब आठवा: आपलं सगळं ऑटोक्रॉस जवळपास याच पट्ट्यात घडतं. म्हणून दोन्ही अक्षरं 'एफ' असलेला पॅड या कामाला चांगली सुरुवात आहे. ही तपासणी मालाच्या छोट्या तुकड्यावर होते, अख्ख्या ब्रेकवर नाही, त्यामुळे एकाच अक्षराचे दोन पॅड पायाला वेगळे लागू शकतात. तरी दुकानदाराच्या "हा रेसिंगचा आहे" यापेक्षा ही दोन अक्षरं जास्त सांगतात.

मालाचं म्हणाल तर ऑरगॅनिक पॅड मऊ, आवाज न करणारे, थंडीत लगेच पकडणारे; जास्त तापले की मात्र लवकर हात टेकतात. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचा अंश भरपूर असतो, उष्णता सोसतात, पकड जोरदार, पण आवाज करतात, धूळ सोडतात आणि डिस्कही खातात. सिरॅमिक स्वच्छ आणि शांत. सुरुवातीची पकड मात्र अनेकदा सौम्य, म्हणून ऑटोक्रॉससाठी मला ते फारसे आवडत नाहीत. पोलोसारख्या युरोपीय गाड्यांत बहुधा कमी धातूचे पण चांगले चावणारे पॅड मुळातच येतात. पुढची अलॉय व्हील काळी पडतात ती त्यामुळेच. अशा गाडीत कंपनीचाच नवा पॅड घाला आणि एक इव्हेंट करून पाहा, असं मी सांगतो.

त्याहून वरचं काही हवं असेल तर 'रस्ता आणि ऑटोक्रॉस' किंवा 'रस्ता आणि ट्रॅक-डे' (सर्किटवर हौसेने गाडी चालवायचा दिवस) अशा दोन्ही वापरांसाठी विकला जाणारा पॅड शोधा. हॉक कंपनीचा एचपी प्लस हा या गटातला ओळखीचा पॅड. चावतो छान, पण चरचरतो आणि धूळही खूप सोडतो. आपल्या कॅलिपरच्या आकारात तो मिळतो का हे मागवण्याआधी जुना पॅड शेजारी ठेवून किंवा चित्र जुळवून तपासा. "थोडं ग्राइंडरने घासून बसवू" हे ब्रेकच्या बाबतीत चालू देऊ नका. आणि बिल घ्याच, डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट पॅडमध्येही आहे आणि ब्रेक ऑइलमध्येही.

पुढे जास्त चावणारे पॅड घातले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलतो. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) झिजलेले, ॲडजस्टर धुळीने जाम, हँडब्रेक अर्ध्यावर ओढला तरी चाक फिरतंय, आणि मालकाला तर हँडब्रेक टर्न मारायचा असतो. ड्रम उघडा, साफ करा, लायनर ॲडजस्ट करा. पेडल वर येतं, ते येतंच. पुढचे पॅड न बदलताच गाडी सुधारल्याची उदाहरणं मी सगळ्यात जास्त इथेच पाहिली आहेत.

नवा पॅड बसवणं

नवे पॅड घालून थेट मैदानावर गेलात तर पहिला दिवस वाया जाणार. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, आरशात मागे कुणी नाही हे पाहून, ताशी ६० वरून ताशी १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा. मध्ये थोडं अंतर जाऊ द्या आणि गाडी पूर्ण थांबवू नका. मग थोड्या जास्त जोराने काही वेळा. जळका वास आला तर घाबरू नका, पण तिथेच ब्रेक दाबणं बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी चालवून थंड करा. डिस्कवर एकसारखी राखाडी झाक दिसली की काम झालं. जुन्या डिस्कवर आधी वेगळ्या मालाचा पॅड चालला असेल तर ती बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या जवळ आली असेल तर नवा पॅड घालण्यात अर्थ नाही, दोन्ही बदला.

चौथ्या रनला पेडल का जातं

एका रनला डिस्क २०० अंशही गाठत नाही, मग तेल उकळतं कसं? एकाच गाडीवर दोघं-तिघं चालवतात तेव्हा. एक उतरतो, दुसरा बसतो, गाडी लगेच पुन्हा सुटते. उष्णता साठत जाते. शिवाय रन संपून गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि डिस्क-पॅडमधली उष्णता कॅलिपरमध्ये, तिथून तेलात उतरते. त्यामुळे पेडल धावताना चांगलं असतं आणि रांगेत पाच मिनिटं उभं राहिल्यावर पुढच्या रनला मऊ लागतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. ताजं डॉट ३ (डॉटचे आकडे म्हणजे ब्रेक ऑइलचे दर्जे) किमान २०५ अंशांना उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हद्द १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. म्हणजे पाणी मुरलेलं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षा वाईट. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत खरेदीपासून तेल न बदललेल्या कितीतरी असतात. सीलबंद बाटलीतलं ताजं डॉट ४ भरा, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा आणि दर हंगामाआधी हे करा. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, नावात ५.१ शी साम्य असलं तरी ते यात मिसळायचं नाही. हवा काढताना टाकी कोरडी पडू देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो. सांडलेलं तेल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

पॅड पातळ झाला की उष्णता तेलापर्यंत लवकर पोचते. रस्त्यासाठी ३ मिलिमीटरपर्यंत ओढतात, पण इव्हेंटला निम्म्याहून कमी माल असलेला पॅड मी नेऊ देत नाही.

मैदानावर करायचं ते सोपं आहे. रन संपला की पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या जागेत) सावकाश एक चक्कर मारा. गाडी उभी करताना पायाने ब्रेक धरून ठेवू नका, हँडब्रेकही ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. गरम डिस्कवर पाणी ओतणारे दिसतात, ते करू नका, डिस्कला तडा जाऊ शकतो. तापमान मोजायची गन वापरत असाल तर चकचकीत डिस्कवर ती खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते हे लक्षात ठेवा.

घाटातून घरी जाणाऱ्यांसाठी

आता ज्या बाजूला ऑटोक्रॉसपेक्षा जास्त उष्णता आहे ती. १००० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरली की जेवढी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी ६० वरून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे. तिथून शहाद्याकडे न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा माणूस पॅडला जो ताप देतो, तो कुठलाही एक मिनिटाचा रन देणार नाही. संभाजीनगरहून कन्नड घाट उतरून चाळीसगावला येतानाही तेच.

म्हणून थंडीत पकडतो एवढ्यावर खूश होऊन अगदी स्वस्त, मऊ ऑरगॅनिक पॅड घेऊ नका. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली उतरलेलं असेल तर तो पॅड घाटासाठी नाही. इव्हेंटहून परतताना चौघं जण, चार जास्तीचे टायर आणि जॅक गाडीत असतात, वजन सकाळपेक्षा बरंच वाढलेलं असतं. निघण्याआधी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरा. सकाळच्या उंचीवर थांबलं तर निघा, घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. थोडं जरी खोल वाटलं तर गाडी तासभर थंड होऊ द्या आणि पुन्हा दाबून पाहा. तरीही खोलच असेल तर तिथेच ब्रेकमधली हवा काढून घ्या, नाहीतर गाडी टो करून न्या.